वैरी मोजणारी माझी जाऊ

बेस्तरवार आला की अजून माझे हात शिवशिवतात. चहाच्या आधी, पानांवर दव असतानाच कपाशीत शिरायचं, ही सवय मला माझ्या मोठ्या जावेमुळे लागली. आम्ही दोघी मिळून शेताची फेरी करायचो. ती वैरी मोजायची, मी मित्र मोजायचे. वैरी म्हणजे पानामागं बसून रस पिणारा मावा, तुडतुडे, पांढरी माशी. मित्र म्हणजे त्यांना खाणारे: लाल पाठीवर काळे ठिपके असलेले ढालकिडे, त्यांच्या अळ्या, कोळी, आणि क्रायसोपा नावाचा हिरवट, जाळीदार पंखांचा एक नाजूक किडा, जो आपलं अंडं केसाएवढ्या देठाच्या टोकावर टांगून ठेवतो. औषध फवारायचं की थांबायचं, हे दोन्ही बघून झाल्यावर ठरायचं. एकटीच्या मोजणीनं काही ठरत नसे.

आमची वस्ती खर्ड्याजवळ, जामखेडच्या कोरड्या अंगाला. विहिरीला पाणी असेल त्याची कपाशी, बाकीच्यांची तूर नाहीतर ज्वारी. एका पावसाळ्यात कृषी सहायक बाईंनी आमच्याकडे बायकांची शेतीशाळा घेतली. दर बेस्तरवारी कोणाच्या तरी शेतात जमायचं आणि झाडं बघायची. जाऊ तिथं शिकायला आली नव्हती. तिनं मला सरळ सांगितलं होतं, "घरातून घटकाभर सुटका हुती, म्हून चल." बाईंनी जोड्या पाडल्या. एकीनं पीक खाणारे शोधायचे, दुसरीनं त्या खाणाऱ्यांना खाणारे. जाऊ लगेच म्हणाली, "वैरी मला द्या. माजी नजर वाईटच हाय." सगळ्या हसल्या. माझ्या वाट्याला मित्र आले ते असे, उरलेले म्हणून.

पहिल्याच दिवशी तिनं एका पानावरची काळी, नारिंगी ठिपक्यांची, काटेरी अळी चिमटीत धरली आणि चिरडायला गेली. ही अळी आमच्याकडे सगळ्याच बायका चिरडत असत. दिसायलाच ती वाईट, सुसरीच्या पिलासारखी. बाईंनी तिचा हात धरला आणि सांगितलं की हे ढालकिड्याचं पोर आहे, मोठ्या किड्यापेक्षा हेच जास्त मावा खातं. जावेचं तोंड बघण्यासारखं झालं. "आगं बाई," ती म्हणाली, "म्हंजी इतकी वर्सं मी ह्यांच्याच लेकरांचं नरडं दाबत आले व्हय?" मग तिनं ती अळी परत पानावर ठेवली आणि सगळ्यांसमोर तिला हात जोडले. मी हसत होते, पण ती खरोखरीच हळहळली होती.

शेतीशाळा संपली, बाईंची बदली झाली, बाकीच्या बायका विसरल्या. आम्ही दोघींनी बेस्तरवार सोडला नाही. पद्धत मात्र आमची आम्ही केली. वही-पेन्सिल कोण सांभाळणार? मोजायलाही आकडे नव्हते, तीनच शब्द होते: लई, हाय, न्हाई. झाडापाशी उभं राहायचं. ती वरचं, मधलं, खालचं पान उलटून म्हणायची, "मावा लई." मी त्याच झाडावर शोधून म्हणायचे, "मित्र हाय." मग त्या झाडावर आमचं भांडण लागायचं. ती म्हणायची फवारू, मी म्हणायचे थांबू. जी जिंकेल तिनं बांधावरचा एक खडा आपल्या पदरात टाकायचा. ओळ संपली की बांधाच्या टोकाला कडुलिंबाखाली बसून दोघींनी पदर मोकळे करायचे. तिचा ढीग मोठा झाला तर पंप, माझा झाला तर पुढच्या बेस्तरवारपर्यंत थांबायचं.

आता वाटतं, त्या झाडागणिक भांडणात आमचा सगळा संसार बोलून व्हायचा. मावा लई म्हणता म्हणता ती सासूबाईंच्या खोडी सांगायची, मित्र हाय म्हणता म्हणता मी माहेरचं काही सांगायचे. ती लबाडीही करायची. माझं लक्ष नसलं की माझ्या पदरातला खडा काढून स्वतःच्या पदरात टाकायची, आणि पकडली गेली की म्हणायची, "थोरली हाय मी, येवढं तरी चालायचंच." मग लिंबाखाली किटलीतला चहा. कप एकच आणला जायचा. ती किटलीच्या झाकणातून प्यायची.

कपाशीच्या मधून आम्ही चवळीची एक ओळ पेरायचो. चवळीवर मावा आधी येतो. मावा आला की ढालकिडे येतात, तिथं पोरंबाळं वाढवतात, आणि कपाशीवर मावा चढेपर्यंत हे आपले राखणदार शेजारीच तयार असतात. जाऊ त्या ओळीला माहेरघर म्हणायची. घरातल्या पुरुषमंडळींना मात्र चवळीवर मावा दिसला की घाम फुटायचा. आमच्या ह्यांचा तर पंपावर भारी जीव. पाठीवर पंप चढवला की माणसाची चालच बदलते. खर्ड्यातल्या औषधवाल्यानं नवी बाटली दाखवली, की ती घरी आणून देव्हाऱ्यात ठेवायची तेवढी बाकी. पण दोघी जावा एका तोंडानं "थांबा" म्हणाल्या की दोघा भावांचं काही चालत नसे. एकीचं ऐकलं नसतं. दोघींपुढं त्यांचा इलाज नव्हता.

मग मोठ्या दिरांनी धाकट्याला न विचारता बैलजोडी विकली. एवढंच झालं. ह्यांनी त्या बैलांना लहानाचं मोठं केलं होतं, आणि बाजारातून परत आलेला मोकळा कासरा बघून ह्यांना कळलं. त्या दिवशी जे शब्द निघाले ते परत आत गेले नाहीत. महिन्याभरात घराच्या मधोमध भिंत उभी राहिली. शेताचे दोन लांबट पट्टे झाले आणि मध्ये नवा बांध आला. तो आला तो नेमका चवळीच्या ओळीवर. माहेरघर कोणाच्याच वाट्याला गेलं नाही.

"त्यांच्याशी बोलायचं नाही," असं आमच्या घरात ठरलं, तसंच पलीकडेही ठरलं असणार. मी वाट बघत होते की जाऊ काहीतरी म्हणेल. ती थोरली होती. ती बहुतेक वाट बघत होती की मी म्हणेन, कारण माझ्या नवऱ्याचे शब्द जास्त लागले होते. अशी वाट बघण्यात एक पावसाळा गेला, दुसरा गेला. पाणवठ्यावर समोरासमोर आलो तरी ती हंड्याकडे बघायची, मी दोराकडे. मला तिचा राग यायचा. राग यायचा म्हणजे काय, हंडा भरला तरी मी तिथंच रेंगाळायचे आणि त्याला राग म्हणायचे.

बेस्तरवारी मी एकटीच शेतात जायचे. एकटीनं दोन्ही मोजायला गेले, पण ते मला जमलं नाही. माझ्या नजरेला मित्रच दिसायचे. इतकी वर्षं तेच शोधायची सवय लागलेली. प्रत्येक झाडाशी मी एकटीच भांडायचे आणि एकटीच जिंकायचे. एका साली मी थांबले, थांबले, आणि पानं तेल चोपडल्यासारखी चिकट होऊन पाती, म्हणजे कोवळ्या कळ्या, गळायला लागल्या तेव्हा शुद्धीवर आले. पलीकडे जावेचं उलटं झालं होतं. तिला फक्त वैरी दिसत. तिकडे आठवडा संपत नाही तोच पंपाचा आवाज यायचा. एका घरच्या फवाऱ्यात दोन्ही पट्ट्यांतले मित्र मरायचे. मावा लगेच परत भरतो, ढालकिडा मात्र पुष्कळ दिवस फिरकत नाही. तरी चवळीची ओळ दोघींनीही मोडली नाही. बांधाच्या अलीकडच्या कडेनं मी पेरायचे, पलीकडच्या कडेनं ती. न बोलता.

गेल्या श्रावणात जावेची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. त्या मुलीची वेणी मी घातलेली, शाळेचा डबा मी भरलेला. भिंतीपलीकडून बाळाचा पहिला रडका आवाज आला तेव्हा मी भाकरी थापत होते. भाकरी तव्यावर करपली. मुलगी झाली होती. बारशाच्या दिवशी पलीकडे बायका पाळणा म्हणत होत्या आणि मी भिंतीला पाठ लावून लसूण सोलत बसले होते. बाळाचं नाव ऐकू आलं. तोंड दिसलं नाही. रोज तिचं रडणं, हसणं, आंघोळीचा आरडाओरडा ऐकायचा आणि तोंड मात्र बघायचं नाही, ही शिक्षा कोणत्या गुन्ह्याची, ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही. जावेचा ओवी म्हणणारा आवाज यायचा. तो भिंतीतूनही तसाच यायचा, थोडा फाटका, थोडा खट्याळ. मला ते बाळ बघायचं होतं, आणि ज्या हातात ते होतं ते हातही बघायचे होते.

भाद्रपदातला तो बेस्तरवार. दोन्ही पट्ट्यांत मावा चढला होता. मी माझ्या बांधाकडच्या ओळीत उभी होते. चवळी ढालकिड्याच्या अळ्यांनी काळी झाली होती आणि कपाशीच्या शेंड्यांवरही त्या चढायला लागल्या होत्या. आणखी थोडे दिवस मिळाले असते तर त्यांनी सगळं चाटूनपुसून साफ केलं असतं. आणि पलीकडे मोठे दीर पिंपात पाणी ओतत होते. पंप शेजारी, बाटली बांधावर. औषध अजून कालवलं नव्हतं.

आमच्याकडे धाकटी सून थोरल्या दिरासमोर डोक्यावरचा पदर सरळ करते, तोंड वर करून बोलत नाही. भांडण नव्हतं तेव्हाही मी त्यांच्याशी कधी एक वाक्य सरळ बोलले नव्हते. जे काही सांगायचं ते जावेतर्फे. आणि आता जाऊच बंद होती. ह्यांना सांगावं तर ते म्हणाले असते, मारू दे त्यांना, आपणही उद्या मारू. मी नुसती उभी राहिले. पानावर एक अळी माव्याच्या घोळक्यात तोंड घालून बसली होती, तिला काही कल्पना नव्हती.

तेवढ्यात जाऊ पलीकडच्या ओळीत आली. माझ्या बरोबर समोर, मध्ये फक्त चवळी. तिनं पान उलटलं, ओठ हलले. जुन्या सवयीनं पुटपुटली, "मावा लई."

मी तिच्याकडे न बघता, माझ्या झाडाकडे बघत, दिरांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "मित्र लई!"

ती दचकली. पान हातात तसंच. मला वाटलं आता ती वळून निघून जाईल. मग ती पुढच्या झाडापाशी गेली, वाकली, आणि या वेळी पुटपुटली नाही, चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली, "मावा लई!"

"मित्र हाय!"

"तुडतुडा न्हाई!"

"मित्र लई!"

झाडं तिची तिच्या बाजूला, माझी माझ्या बाजूला. बाईंनी शिकवलं ते असं नव्हतं. एका झाडावरचे वैरी आणि दुसऱ्या झाडावरचे मित्र कोणी एकत्र मोजतं का? पण मध्ये वीतभर चवळी होती आणि ढालकिडे तिच्याकडून माझ्याकडे, माझ्याकडून तिच्याकडे खुशाल जात होते. आम्ही ओळ धरून चालत राहिलो. एक झाड तिचं, एक माझं. जिचा शब्द भारी पडे ती वाकून खडा उचलायची, पदरात टाकायची. दीर पंपाशेजारी उकिडवे बसून आमच्याकडे बघत होते.

लिंबाखाली बांधाचं टोक आलं. तिथं बांध एवढा निमुळता आहे की दोघींचे ढीग शेजारीशेजारीच पडले. माझा मोठा होता, पण थोडासाच. तिनं दोन्हीकडे बारीक डोळ्यांनी पाहिलं, माझ्या ढिगातला एक खडा उचलून आपल्यात टाकला. तरीही माझाच मोठा राहिला. मग तिनं वळून नवऱ्याला आवाज दिला, "आज ऱ्हाऊ द्या. पुढल्या बेस्तरवारी बगू."

"आन मावा?"

"मावा खाणारं लई हायेत. मोजलंय मी."

मोजले मी होते. पण ते ऐकून मला जे वाटलं ते कसं सांगू. घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "बोलत होतीस ना तिच्याशी? बघितलं मी." मी म्हणाले, "बोलत न्हवते. मोजत हुते."

पुढच्या बेस्तरवारी मावा वाळून करडा पडला होता. तेव्हापासून दर बेस्तरवारी आम्ही दोन्हीकडून येत राहिलो. एकदा असंही झालं की तुडतुडे वाढले, मित्र मागं पडले आणि तिचा ढीग चांगला मोठा झाला. त्या दिवशी तिनं माझ्याकडे अशा टेचात पाहिलं की मला हसू आवरेना. दोन्ही पट्ट्यांत एकाच दुपारी निंबोळी अर्क फवारला गेला, दोघे भाऊ आपापल्या पंपासह, एकमेकांकडे पाठ करून.

आम्ही दुसरं काही बोलत नव्हतो. ते तीन शब्द आणि किड्यांची नावं. पण तीन शब्दांतूनही माणूस कळतो. तिचा "न्हाई" घोगरा आला की मला कळायचं, सर्दी झाली आहे. खालचं पान बघायला वाकताना ती कण्हली की कळायचं, गुडघा पुन्हा धरला आहे. एकदा तिचा "लई" इतका लाडात आला की मी ओळखलं, रात्री बाळानं काहीतरी नवीन केलं असणार. विचारावंसं वाटायचं, काय केलं? पालथी पडली? पण तोंडून निघायचं, "मित्र हाय." मी चहा किटलीत भरून नेऊ लागले होते. लिंबाखाली एकटीच प्यायचे. ती तिच्या घराकडे वळलेली असायची.

दिवाळी झाली की आमच्या वस्तीवरच्या निम्म्या घरांना कुलपं लागतात. माणसं कोयते घेऊन ऊसतोडीला कारखान्यांकडे जातात, मागं म्हातारी आणि कुत्री. त्या शांततेत आमचे आवाज खर्ड्याच्या किल्ल्यापर्यंत जात असतील. वेचण्या संपत आल्या, पानं लाल पडली, गळली. मोजायचं कमी कमी होत गेलं, आणि मी मनातल्या मनात त्या पानांना विनवत होते की थोडं थांबा.

पौषात शेवटची वेचणी झाली. शेतात नुसती पऱ्हाटी उभी, काळी आणि कडकडीत. शनिवारी ती उपटायला ट्रॅक्टर सांगितला होता. आणि बुधवारी रात्री भिंतीपलीकडून आवाज आले: पेटी बांधायची, दुपटी मोजायची, उद्या दुपारी जावयाची गाडी येणार. लेक सासरी चालली होती. बाळ चाललं होतं. मी अंथरुणात पडून ते सगळं ऐकलं. इतके महिने हाताच्या अंतरावर होतं, आणि मी त्याच्या डोळ्यांचा रंगही बघण्याआधी ते जाणार होतं.

सकाळी बेस्तरवार. शेतात जायला काही कारण नव्हतं. मावा नाही, मित्र नाही, पानच नाही. मी गेले. सवय म्हणा.

जाऊ पलीकडच्या ओळीच्या तोंडाशी आधीच उभी होती. कडेवर बाळ, डोक्याला टोपडं, अंगावर जुन्या लुगड्याचं दुपटं. जावेनं माझ्याकडे पाहिलं नाही. पहिल्या झाडापाशी ती थांबली, एकही पान नसलेल्या त्या काटकीकडे नीट न्याहाळून बघितलं आणि म्हणाली, "मावा न्हाई."

मी म्हणाले, "मित्र न्हाई."

पुढचं झाड. "तुडतुडा न्हाई."

"मित्र न्हाई."

अशी आम्ही सगळी ओळ मोजली. प्रत्येक झाडापाशी ती पूर्वीपेक्षा जास्त वेळ थांबत होती, आणि बाळाचं तोंड माझ्या बाजूला होतं. नाक जावेचं होतं. डोळे लेकीचे, काळेभोर. पोरगी प्रत्येक "न्हाई"ला माझ्याकडे टकामका बघत होती. मी झाडाकडे एकदाही पाहिलं नाही. खोटी मोजणी केली सगळी.

लिंब आला. दोघींच्याही पदरात एक खडा नव्हता. जाऊ वाळलेल्या चवळीपाशी आली, एकदा घराकडे बघितलं, मग बाळ कडेवरून काढून माझ्यापुढं धरलं.

"धर गं धाकले जरा," ती म्हणाली. "माजा पदर सुटलाय."

मी घेतलं. बाळ उबदार होतं, त्याला वेखंडाचा आणि दुधाचा वास होता. त्यानं माझ्या मंगळसूत्राला मूठ घातली. जावेचा पदर जागच्या जागी होता, डोक्यावर, नीट. ती माझ्याकडे पाठ करून उभी राहिली आणि तो सारखा करू लागली. तेवढा पदर सारखा करायला तिला फार वेळ लागला.